पिपलानीतलं गुराब

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी लपवत नाही, आणि विनय म्हणून बारीक आवाजातही सांगत नाही. बाबा भोपाळच्या सरकारी कारखान्यात वेल्डर, आई सातवीपर्यंत शिकलेली, आणि आमचं क्वार्टर कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीत. एम.ए.ला मी इतिहास घेतला तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "इसमें नौकरी है क्या?" मी म्हटलं, "है." होती की नाही ते मलाही ठाऊक नव्हतं, पण मिळवायची हे पक्कं होतं.

शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागे. वर्गातल्या बहुतेकांनी भोपाळच्या नवाबीवर विषय घेतले. कागदपत्रं इथंच, बसने जाऊन येता येतं. मी घेतला मराठ्यांच्या आरमारातला एक अधिकारी. माझे मार्गदर्शक सर कोटरा सुल्तानाबादला राहायचे. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"समुद्र पाहिला आहेस?"

"नाही, सर."

"शिडाचं जहाज?"

"चित्रात."

"मग यावर लिहिणार काय तू?"

"सर, मोगल दरबार आपण दोघांनीही पाहिलेला नाही. तो तर तुम्ही रोज शिकवता."

सर हसले नाहीत. पण विषय मंजूर केला.

हा अधिकारी मला मराठी वाचनालयातल्या जुन्या पत्रव्यवहाराच्या छापील खंडांत भेटला होता. एका जागी नाही. इथे दोन ओळी, तिथे अर्धा परिच्छेद, तोही बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीत. बाप खाडीत मासे मारणारा. हा लहानपणीच गलबतावर खलाशी म्हणून चढला. गलबत म्हणजे वल्ह्यांचं आणि शिडाचं हलकं, चपळ जहाज. दोरखंड ओढत, वल्ही मारत, वारा ओळखत तो त्याच गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, झाला. पुढे त्याच्या हाती गुराब आलं. गुराब मोठं, दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा वाहणारं. पावसाळ्यात सगळी जहाजं खाडीत ओढून ठेवायची, तळाला चुना-तेलाचा लेप द्यायचा, दर्या शांत झाला की पुन्हा बाहेर. त्याच्या आयुष्याचे हंगाम असेच गेले. घराण्याचं नाव नाही, वशिला नाही. जे मिळालं ते जहाजावर उभं राहून मिळालं. मला तो आवडला यात नवल नाही.

आणि मग त्याच्या आयुष्यात एक सकाळ येते. सोबतीचं दुसरं एक गुराब किल्ल्याजवळ परक्यांच्या मोठ्या जहाजांनी घेरलं होतं. हा बाहेर समुद्रात होता. सगळ्यांना वाटलं, तो धावून येईल. त्यानं जहाज वळवलं आणि आणखी दूर, खोल समुद्रात गेला. दुपारी परत आला, लढला, शत्रूचं एक जहाज निकामीही केलं. पण सोबतीचं गुराब तोवर हातचं गेलं होतं. पळाला, असा ठपका आला. हुकमत काढून घेतली. नंतर किती तरी वर्षं हा माणूस बंदरातल्या कोठारात दोरखंड आणि शिडाचं कापड सांभाळत बसलेला दिसतो.

जुन्या एका पुस्तकात त्याच्याबद्दल एकच वाक्य होतं, आणि त्यात 'पळपुटा' हा शब्द होता. मला तो शब्द पटत नव्हता. पण पटत नाही असं प्रबंधात लिहिता येत नाही. कारण द्यावं लागतं.

कारण मला बड्या तलावावर मिळालं. तिथे शिडाच्या होड्यांचं प्रशिक्षण चालायचं. एका रविवारी बाबांना घेऊन मी काठावर जाऊन बसले. बाबांनी फुटाणे आणले होते. होडीचं नाक वाऱ्याच्या समोर आलं, की शीड फडफडायला लागायचं, होडी जागच्या जागी थांबायची, मग मागेच ढकलली जायची. तिरकं तिरकं जाऊन ती वाऱ्यावर चढायची खरी, पण ती एवढीशी होडी. तोफांनी भरलेलं गुराब तसं फार चढत नाही, हे मी वाचलं होतं, आता दिसलं. आणि मग शाळेतला भूगोल आठवला. आमच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात त्याला 'थल समीर' आणि 'समुद्र समीर' म्हणायचे. कोकणात त्यांना मतलई वारा आणि खारा वारा म्हणतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. तो सकाळी बाहेर होता. वारा किल्ल्याकडून त्याच्या तोंडावर येत होता. सरळ जाणं शक्यच नव्हतं.

मी उठून उभी राहिले. बाबा म्हणाले, "काय झालं? निघायचं का?"

"नाही. बसा. आता तर सुरू झालं."

हे सगळं प्रबंधात गेलं असतं आणि तिथंच राहिलं असतं. पण त्या वर्षी आमच्या सेक्टरच्या गणेश मंडळाला देखाव्यासाठी विषय हवा होता.

आमच्या टाउनशिपमध्ये गणपतीचे देखावे म्हणजे कारखान्याचीच दुसरी पाळी. ज्यांचे हात दिवसभर पोलाद कापतात, तेच संध्याकाळी मांडवात पत्रा कापत. दुसऱ्या सेक्टरच्या मंडळानं हलणारा हत्ती केला, तर आपल्यानं सोंड वर करणारा करायचा. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त फोरमन होते. सगळे त्यांना फोरमन काकाच म्हणत. नागपूरकडचे, आवाज पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा. बाबा त्यांच्या हाताखाली वेल्डिंग शिकले होते, आणि त्यांच्यासमोर अजून खुर्चीत बसत नसत. काकांना कित्येक वर्षं देखाव्यांच्या स्पर्धेतलं पहिलं बक्षीस हवं होतं आणि दरवेळी ते शेजारच्या बरखेड्याच्या मंडळाला जात होतं.

त्यांना कुठून कळलं कोण जाणे, आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"काहून वं पोरी, तू जहाजाचं काही लिहून राहिली म्हणे?"

मी सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. जहाज! आजवर कुणी केलं नव्हतं. त्याच आठवड्यात काम सुरू झालं. अँगलचे रूळ, त्यावर चाकांवर बसवलेलं गुराब, पुढे तारेनं ओढणारी मोटर. बाजू प्लायवूडच्या, तोफा पाइपच्या. शिडं आईनं शिवली, बाबांच्या आणि काकांच्या जुन्या धोतरांची. एका टोकाला किल्ला, थर्माकोलचा. तिथेच घेरलेलं दुसरं गुराब आणि शत्रूची जहाजं. मधे निळं कापड, म्हणजे समुद्र. आणि वाऱ्यासाठी फर्राटा, तो मोठा उभा पंखा, ज्याच्यासमोर उभं राहिलं की केस उडून डोळ्यांत जातात. संहिता माझी.

मांडवात मी ती सगळ्यांना वाचून दाखवली.

फोरमन काकांनी तंबाखू बाहेर जाऊन थुंकली आणि परत आले. "हे मधलं काढून टाक."

"कुठलं?"

"जहाज पाठ दाखवून पळते, ते. आन् मग त्याची नोकरी जाते, तो कोठारात दोऱ्या मोजत बसते, ते. गणपतीसमोर चार्जशीटवाला माणूस बसवतं का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "काका, मेमो कोणाले नाही भेटला इथं?" हशा झाला. काका हसले नाहीत.

"तो पळाला नाही, काका," मी म्हटलं. "वारा समोरून होता."

"वारा समोरून होता म्हणजे? गाडी फिरवायची न सरळ! लढाई हाय का टाइमपास?"

हे त्यांनी मुद्दाम नाही म्हटलं. आमच्याकडे सगळ्यांचं असंच होतं. आयुष्य मोटर, टर्बाइन, क्रेन यांच्यात गेलेलं. बटण दाबलं की वस्तू पुढे जाते, उलटं दाबलं की मागे. जी वस्तू कितीही हिंमत केली तरी एका दिशेला जाऊच शकत नाही, ती डोळ्यांसमोर येत नव्हती. मी कागदावर बाण काढून दाखवले. एका काकूंनी सहानुभूतीनं मान हलवली. ग्वाल्हेरहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, इतकं बारीक कोण बघतंय? लोकांना शौर्य पाहिजे."

"शौर्यच आहे ते," मी म्हटलं.

"मग पळताना काहून दिसते?" काका.

त्या दिवशी मी बाबांबरोबरच घरी आले. क्वार्टरच्या पायरीवर चपला काढताना बाबा म्हणाले, "काकांशी जरा बेतानं बोल."

"मी उलट बोलले का?"

"उलट नाही. पण सरळही फार बोलतेस."

मी त्यांना स्पष्टच सांगितलं. मधला प्रसंग काढला, तर माझी संहिता मी परत घेणार. या माणसावर एका वाक्याचा ठपका राहिला आणि तो पुसायला कुणी आलं नाही. मीच आता दिवाबत्ती लावून, माइकवरून, हजारभर लोकांसमोर त्याचं आयुष्य खोटं सांगू? मग प्रबंधात खरं लिहून काय उपयोग? पिपलानीत माझा प्रबंध कोण वाचणार होतं? इथले लोक जे ऐकतील ते मांडवातच. बाबांनी ऐकलं. आत जाऊन आईला म्हणाले, "भाजी कोणती आहे?"

पुढच्या रविवारी सकाळी रंगीत तालीम ठेवली होती. काकांनी त्यांच्या पद्धतीनं सगळं लावलं होतं: गुराब समुद्राच्या टोकाला, ते सरळ रुळावरून शत्रूवर चालून जाणार. माझ्या संहितेत 'पहाट, वारा जमिनीकडून' असं लिहिलेलं होतं, म्हणून विजेच्या कामाच्या माणसांनी पंखा किल्ल्यामागे ठेवला होता. संहितेतलं तेवढं त्यांनी इमानदारीनं पाळलं.

"चालू!" काका ओरडले.

मोटर गुरगुरली. पंखा सुरू झाला. आणि गुराब निघताच सगळी धोतरं मागे उडून डोलकाठ्यांना चिकटली. एक शीड डोलकाठीला गुंडाळलं, दुसरं उलटं फुगून पोटासारखं मागे आलं. झेंडा मागच्या बाजूला ताठ. तार ताणली, चाकं थरथरली, मोटर ओरडायला लागली, आणि आमचं शूर गुराब वाऱ्याच्या तोंडावर कपडे वाळत घातल्यासारखं उभं राहिलं.

कुणीतरी म्हणालं, "ये तो धोबीघाट हो गया."

"पंखा बंद!" काका. पंखा थांबला. शिडं लटकली. जहाज मोटरच्या जोरावर सरकत गेलं, पण ढकलगाडी दिसत होती, जहाज नव्हे.

"मजा नाही येत." काकांनी हात कमरेवर ठेवले. "पंखा मागं लावा. जहाजाच्या मागं. शिडं पुढं फुगतील, झेंडा पुढं जाईल, एकदम मस्त."

"काका," मी म्हटलं, "पंखा मागे गेला की वारा समुद्राकडून झाला. मग ती सकाळ राहत नाही. दुपार होते."

"मग दुपार करा!"

"त्यानं तेच केलं. दुपार होईपर्यंत थांबला."

काका पंख्याकडे पाहत होते. मग जहाजाकडे. मग किल्ल्याकडे. फोरमन होते ते. बंद पडलेल्या यंत्रासमोर उभं राहून ते काय सांगतंय हे ऐकायची सवय त्यांना होती.

"सकाळी," ते सावकाश म्हणाले, "वारा इकडून. म्हणजे जाता येत नाही."

"हो."

"उभं राहिलं तर?"

"ढकललं जातं. शत्रूच्या तोफांच्या समोर, हालता न येता. म्हणून त्यानं वाऱ्याबरोबर बाहेर जाऊन जागा घेतली. खारा वारा सुटला की थेट अंगावर येता येईल अशी."

"आन् किल्ल्यावरून पाहणाऱ्यांना…"

"पाठ दिसली. तेवढीच दिसली."

बाबा तोपर्यंत बाजूला उभे होते. त्यांनी पंखा उचलला, किल्ल्यामागून काढून समुद्राच्या टोकाला नेऊन ठेवला, आणि बटण दाबलं. धोतरं भरली. काय सांगू, ती धोतरंच होती, आईच्या टाक्यांची, पण भरली तेव्हा शिडं झाली. मोटर न लावताही गुराब रुळावर हललं. थोडंसंच, पण हललं.

"चालते बे!" कुणीतरी ओरडलं.

अशा रीतीनं प्रसंग राहिला. आधी गुराब किल्ल्याकडे पाठ करून बाहेर जाणार, वाऱ्याबरोबर. मग बाबा लोकांच्या देखत पंखा फिरवून दुसऱ्या टोकाला नेणार, आणि गुराब परत येणार. लपवाछपवी नको, असं काकाच म्हणाले.

पण पुढचं त्यांना अजून नको होतं. शिक्षा, कोठार, दोऱ्या. "परत आला, लढला, इथं संपव. टाळ्या वाजतील." मी म्हटलं, शिक्षा नाही सांगितली, तर पाठ फिरवण्याची किंमत कुणाला कळणार नाही. त्याला ठाऊक होतं की वरून पाहणारे काय म्हणतील. तरी वळवलं. तिथंच तर त्याची हिंमत. काका म्हणाले, तू शिकलेली आहेस, तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी आवाज घेऊन त्यांनी कॅसेट भरून आणली. त्यात तो परत येतो, जिंकतो आणि त्याला मानाचं कडं मिळतं. शंख, नगारे, सगळं.

मी कॅसेट ऐकली. मग म्हटलं, "काका, मी माइकवर स्वतः वाचणार. रोज."

"रोज? आरती झाल्यावर इतके खेळ होतात. घसा बसेल."

"बसू दे."

पहिल्या दिवशी त्यांनी मला वाचू दिलं, कॅसेट बाजूला ठेवून. गुराब पाठ फिरवून निघालं तेव्हा गर्दीतून आवाज आले, "अरे भाग रहा है! भागा, भागा!" हसणं, शिट्ट्या. मी थांबले. बाबांनी पंखा उचलला. लोकांना वाटलं, काहीतरी बिघडलं. मग दुसऱ्या बाजूनं धोतरं भरली, गुराब परत फिरलं, आणि हसणं हळूहळू विरलं. मी कोठारापर्यंतचं सगळं सांगितलं: त्याला कुणी विचारलं नाही, त्यानंही कुणाच्या पायावर डोकं ठेवलं नाही, आणि शिडाचं कापड घडी घालत तो त्याच खाडीकडे पाहत राहिला. पुढे म्हातारपणी एका लहानशा गलबताची हुकमत त्याला परत मिळाली. गुराब नाही मिळालं. टाळ्या कमी झाल्या. पण लोक लगेच निघाले नाहीत. मंडीदीपहून पाळी संपवून आलेले कामगार डबे हातात घेऊन उभे होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "हवा उल्टी थी, इसलिए." दुसरा म्हणाला, "हाँ, पर ऊपरवालों को कौन समझाए." ते ऐकून मी माइक बंद केला.

परीक्षक यायच्या संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बक्षीस त्या वर्षीही बरखेड्यालाच गेलं, हे आधीच सांगून टाकते. त्यांचा हत्ती पाणी उडवायचा. पण त्या संध्याकाळी ते ठरलेलं नव्हतं, आणि काकांच्या हातात कॅसेट होती.

परीक्षक मांडवाच्या तोंडाशी आले होते, बूट काढत होते. काका माझ्या जवळ आले. आवाज पहिल्यांदाच हळू.

"पोरी, आज एक दिवस कॅसेट लावू का? फक्त आज. उद्यापासून तुझं."

मी बाबांकडे पाहिलं नाही. त्यांना मधे घालायचं नव्हतं.

"नाही, काका."

"बक्षीस जाईल."

"जाऊ दे."

"तुझं काय जाते त्यात? तो माणूस मरून दोनशे वर्षं झाली."

"म्हणूनच. त्याच्या बाजूनं बोलायला इथे दुसरं कोण आहे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. बाबा पंख्याशी उभे होते, दोन्ही हात दांड्यावर, आणि नजर खाली नव्हती. फोरमन काकांसमोर त्यांची नजर खाली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काका वाकले. टेपरेकॉर्डरची पिन खेचून काढली, वायर हाताला गुंडाळली आणि यंत्र टेबलाखाली सरकवलं.

"मोठ्यानं बोल मग," ते म्हणाले. "काल मागच्या लोकांले ऐकू नाही आलं."